ठराव करून पाडलेला गड

वेअरहॅमला तट आहे, पण दगडाचा नाही, मातीचा. डेन लोकांच्या धाडींना आवर घालण्यासाठी नवव्या शतकात सॅक्सन राजांनी तो घातला. गावाच्या एका अंगाला नदी, उरलेल्या तीन अंगांना हा तट. अकराशे वर्षांत त्याचा बराचसा बांध झालाय, वर गवत माजलंय आणि सकाळी गावातली माणसं त्यावर कुत्री फिरवायला आणतात. समोरून येणारा प्रत्येक जण "मॉर्निंग" म्हणतो. कुत्रा तुमच्या अंगावर आला तर मालक सॉरी म्हणतो, तुम्ही कुत्र्याच्या वाटेत आलात तरीही मालकच सॉरी म्हणतो. माझा भाचा जवळच बोर्नमथला नोकरी करतो. तो म्हणाला, "मावशी, इथे सॉरीचा अर्थ माफी नसतो गं. मी इथे आहे, एवढंच त्यांना सांगायचं असतं." आपल्याकडे तेवढ्यासाठी आपण खाकरतो.

आम्हाला जायचं होतं कॉर्फच्या किल्ल्यावर. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेट परगण्यातला हा गड. पण त्याची गोष्ट वेअरहॅमपासूनच सुरू होते, कारण कॉर्फला मेलेली माणसं इथे आणली जात. किंवा मरायलाच इथे आणली जात.

नदीकाठी लेडी सेंट मेरीचं देऊळ आहे. आत बाप्तिस्म्याचं एक शिशाचं षट्कोनी पात्र आहे, बाराव्या शतकातलं, बाजूंवर बारा प्रेषित कोरलेले. जवळच एक दगडी शवपेटी आहे, झाकणाशिवायची. तिच्यात एडवर्ड राजाला ठेवलं होतं अशी समजूत आहे. हा एडवर्ड सोळा-सतरा वर्षांचा पोर. 18 मार्च 978 रोजी तो कॉर्फला आपल्या सावत्र आईकडे, सावत्र भावाला भेटायला म्हणून आला. तो घोड्यावरून उतरायच्या आधीच कुणीतरी प्यायला पेला पुढे केला आणि दुसऱ्या कुणीतरी सुरा भोसकला. गादीवर आला तो सावत्र भाऊ, एथेलरेड. तो तेव्हा अजाण मुलगा होता, त्यामुळे बोट आईकडे, एल्फथ्रिथकडे वळलं. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत ज्याने ज्याने ही कथा लिहिली त्याने तिला थोडी थोडी अधिक काळी केली. शेवटी पेला तिच्याच हातात आला. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या गोष्टीत आनंदीबाईचा "ध चा मा" ज्यांनी शाळेत वाचला आहे, त्यांना या वळणाची नवलाई वाटू नये. कारस्थान करणारे पुरुष पुष्कळ असतात. लोकांच्या तोंडी राहते ती बाई.

एडवर्डला आधी वेअरहॅमला गुपचूप पुरलं, मग वर्षभराने वाजतगाजत शाफ्ट्सबरीच्या मठात नेलं आणि तो संत झाला. आठव्या हेन्रीच्या काळात मठ मोडले तेव्हा अस्थी नाहीशा झाल्या. 1931 साली त्या मठाच्या पडझडीत खोदताना एका पेटीत काही हाडं सापडली. ती राजाचीच की आणखी कुणाची, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. पण सापडवणाऱ्या भावंडांमध्ये त्यांच्यावरून भांडण लागलं आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तो संत राजा बँकेच्या तिजोरीत पडून होता. आता तो लंडनजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत, ऑर्थोडॉक्स देवळात आहे. हे सगळं सांगणाऱ्या आजीबाई त्या वेळी वेदीवरची फुलं बदलत होत्या. बँकेचा भाग सांगताना त्यांनी आवाज खाली आणला. खून सांगताना नव्हता आणला.

वेअरहॅमशी जोडलेलं दुसरं मरण पीटर नावाच्या संन्याशाचं. त्याने भविष्य सांगितलं की 1213 सालच्या येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत जॉन राजा राजा राहणार नाही. जॉनने त्याला कॉर्फला कोंडलं आणि त्या दिवसाची वाट पाहिली. दिवस आला, गेला, राजा गादीवरच. मग त्याने पीटरला घोड्याच्या शेपटीला बांधून वेअरहॅमपर्यंत फरफटत आणवलं आणि फासावर दिलं, बरोबर त्याच्या मुलालाही. लोक मात्र कुजबुजत राहिले की म्हातारा चुकला कुठे? सणाच्या आठच दिवस आधी, पोपशी चाललेलं भांडण मिटवायला, जॉनने आपलं राज्य पोपच्या पायाशी ठेवून त्याचा मांडलिक म्हणून परत घेतलं होतं. म्हणजे राजेपण गेलंच की. जॉनने फाशी कदाचित त्याच रागात दिली असेल.

वेअरहॅमहून कॉर्फ सहा-सात किलोमीटर. आता दोन्ही बाजूंना दाट झुडपांच्या कुंपणांचा डांबरी रस्ता आहे. सायकलवाले लांबून हात दाखवून जागा मागतात. मी पीटरला आठवत खिडकीतून त्या रस्त्याकडे पाहत राहिले. भाचा म्हणाला, "मावशी, बाहेर निसर्ग आहे, त्याच्याकडेही बघ."

निसर्ग होताच. पर्बेकचा हा मुलूख समुद्रात घुसलेला आहे आणि त्याच्या पाठीवरून खडूच्या दगडाची एक डोंगररांग आडवी गेली आहे. दोन ओढ्यांनी ती रांग एका ठिकाणी कापली आहे आणि त्या खिंडीत मधोमध एक सुटी टेकडी उरली आहे. गड त्या टेकडीवर. आपल्या डोळ्यांना टेकडी काहीच नाही. पंचावन्न मीटर, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला चहा पिऊन आपण उठतो तेवढ्यात संपणारी. पण दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये हा एकटा, त्यामुळे सह्याद्रीत किल्ल्यासाठी जागा हेरणाऱ्यानेही इथे घोडा थांबवला असता. विल्यम द कॉन्कररने 1066 नंतर लगेच ती हेरली. त्याचा मुलगा पहिला हेन्री याने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला माथ्यावर एकवीस मीटर उंचीचा चौकोनी दगडी बुरूज चढवला. पांढुरक्या चुनखडीचा तो बुरूज तेव्हा उन्हात लांबून चमकत असणार. आता त्याच्या दोन-तीन भिंती उभ्या आहेत, त्याही एकमेकींशी न बोलता.

पायथ्याचं गाव त्याच दगडाचं. भिंती दगडाच्या आणि छपरंही दगडाची. पातळ फरश्या कौलांसारख्या रचलेल्या, वजनाने आढी वाकलेली. खिडकीखाली फुलांच्या कुंड्या, दारावर पितळी ठोका. एका घराच्या भिंतीत मध्येच एक कोरीव दगड दिसला, ज्याचं त्या भिंतीशी काही नातं नव्हतं. पुढच्या घरात खिडकीची चौकट घरापेक्षा श्रीमंत. गड पडल्यावर गावाने दगड वाहून आणले आणि घरं बांधली. मी नाशिककडची. आमच्या भागात गडाच्या पायथ्याच्या वाड्यांतही असे चिरे दिसतात, पण तिथे मालक ते कबूल करत नाही. फार तर "पणजोबांच्या वेळचं आहे" म्हणतो. इथे आमच्या मुक्कामाच्या घराच्या बाईंनी जिन्याजवळचा दगड स्वतः दाखवला. "चोरीचा माल," त्या अभिमानाने म्हणाल्या आणि न्याहारीला अंडं कसं हवं ते विचारलं.

संध्याकाळी चहाच्या दुकानात स्कोन मागवले. स्कोन म्हणजे धड पाव नाही, धड बिस्किट नाही. तो मधून फोडायचा, त्यावर स्ट्रॉबेरीचा मुरंबा आणि घट्ट साय लावायची. आधी साय की आधी मुरंबा, यावरून पश्चिमेकडचे डेव्हन आणि कॉर्नवॉल परगणे पिढ्यान्‌पिढ्या हटून बसलेत. डॉर्सेट त्या भांडणाच्या हद्दीबाहेर. वाढणाऱ्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "तुमचा स्कोन, तुमची मर्जी." शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना ते पटलं नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त आपल्या स्कोनला आधी साय लावून बशी जरा आमच्या बाजूला सरकवली. इंग्रज माणूस वाद घालतो तो असा.

दुसऱ्या दिवशी वर चढलो. तिकीट काढून गडावर जायचं याची मला अजून सवय नाही. गेल्याबरोबर लाकडी तलवारी घेतलेली पोरं सुसाट आली, मागून त्यांचे आईबाप, हातात थर्मास. खालच्या माचीवरून वर जाताना दुसरा दरवाजा लागतो आणि तिथे पाय थबकतात. दोन गोल बुरुजांमधला हा दरवाजा आणि त्यातला डावीकडचा अर्धा भाग, अख्खा बुरूज आणि कमानीच्या अर्ध्यासकट, उतारावरून काही मीटर खाली सरकून तसाच ताठ उभा आहे. कमानीचा एक खांदा वर, दुसरा खाली. खालून पाया खणून दारू भरली, बत्ती दिली, पण बुरूज कोसळायच्या ऐवजी नुसता खाली बसला. बांधणाऱ्याचं कसब पाहायला शेवटी पाडणाऱ्यांची दारू लागली.

पाडलं कुणी? परक्यांनी नव्हे. इंग्लंडच्या स्वतःच्या पार्लमेंटने, तेही ठराव करून.

सतराव्या शतकात पहिला चार्ल्स राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली तेव्हा कॉर्फ राजघराण्याकडे नव्हता. एलिझाबेथ राणीने 1572 मध्ये तो आपल्या मर्जीतल्या ख्रिस्तोफर हॅटनला विकला होता, आणि 1635 मध्ये सर जॉन बँक्स या राजाच्या वकिलाने तो घेतला. पुढे ते सरन्यायाधीश झाले आणि लढाई पेटल्यावर राजाबरोबर गेले. गडावर राहिली त्यांची बायको मेरी, मुली, दासी आणि मूठभर माणसं. 1643 च्या मे महिन्यात पूलच्या बंदरातून चाळीसेक खलाशी आले: गडावरच्या चार छोट्या तोफा द्या. आत पुरुष पाच. मेरीबाईंनी दासींच्या मदतीने एक तोफ गाड्यावर चढवून डागली. खलाशी पळाले. नंतर मेरीबाईंनी त्याच तोफा देऊनही टाकल्या, आम्हाला सुखाने राहू द्या म्हणत, आणि मिळालेल्या उसंतीत धान्य आणि दारूगोळा भरून घेतला. मला ती डागलेली तोफ आवडली, पण या दिलेल्या तोफांमागचं डोकं त्याहून जास्त आवडलं. इथल्या चित्रांत मात्र तोफेजवळचीच बाई असते, हिशोबाच्या वहीजवळची नसते.

जूनमध्ये सर वॉल्टर अर्ल पाच-सहाशे माणसं घेऊन आला. हा शेजारच्याच चार्बरो गावचा जमीनदार, पार्लमेंटचा सभासद. त्याने गावातल्या सेंट एडवर्डच्या देवळात तळ ठोकला. छपराचं शिसं वितळवून गोळ्या केल्या, ऑर्गनच्या नळ्यांत दारू भरली, पाद्र्यांच्या पांढऱ्या झग्यांचे शर्ट शिवले. भिंतीपर्यंत पोचायला जाड फळ्यांचा, आतून लोकर ठासलेला, चाकांवरचा मांडव केला. त्याला नाव 'डुकरीण'. गडावरच्यांनी बघितलं की मांडवाखालून पाय दिसताहेत. त्यांनी पायांवरच नेम धरला. अकरापैकी नऊ जण लंगडत पळाले. अखेरच्या हल्ल्याआधी शिपायांना दारू पाजली आणि शिडीवर पहिला चढेल त्याला वीस पौंड कबूल केले. वरच्या भागाचा पहारा मेरीबाई, त्यांच्या मुली, दासी आणि पाच शिपाई यांच्याकडे होता. त्यांनी वरून दगड आणि पेटते निखारे ओतले. सहा आठवड्यांनी, ऑगस्टच्या आरंभी, अर्ल तोफा टाकून निघून गेला. त्याची शंभरेक माणसं पडली, गडावरची दोन.

ही हकीकत जिथून येते ते 'मर्क्युरियस रस्टिकस' हे राजाच्या बाजूचं वार्तापत्र होतं, हे लक्षात ठेवून वाचायची. त्यात असंही आहे की अर्ल गोळीच्या भीतीने अस्वलाचं कातडं पांघरून चार पायांवर रांगत असे. बखरकारांची सवय सगळीकडे सारखीच. आपला माणूस सिंह आणि समोरचा जनावर. पण निखाऱ्यांवर मी विश्वास ठेवते. ज्या घरात बायका जास्त, त्या घरात चुली पेटत्या असणार.

वरच्या दरवाज्याशी एक स्वयंसेवक आजोबा उभे होते, जाकिटावर ओकच्या पानाचा बिल्ला, हातात छडी. या देशात जुन्या वास्तूंचा कारभार बराचसा निवृत्त माणसं फुकट करतात. आम्ही कुठले ते त्यांनी विचारलं, आणि 2025 मध्ये आमचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्याचं मी सांगितल्यावर ते खूश झाले. "मग आता तुम्ही ते पुन्हा बांधणार का?" मी म्हटलं, त्यावर आमच्यात रोज वाद असतात. कुणाला सदर पूर्वीसारखी उभी हवी, कुणाला एक चिराही हलवायला नको. ते म्हणाले, "आम्ही फक्त पडू देत नाही." वर्षातून काही वेळा कारागीर दोरांना लटकून भेगांतली झुडपं उपटतात, चुन्याने सांधे भरतात. बुरूज वाकडा आहे तसा वाकडाच ठेवायचा, आणखी वाकडा होऊ द्यायचा नाही. ऐकताना हे सोपं वाटतं. रायगडावर उभं राहून आपल्याला ते इतकं सोपं वाटत नाही, कारण तिथे जे मोडलंय ते आपल्याला आपलं मोडलेलं वाटतं. इथल्या माणसाला कुठली बाजू आपली, हेच आता सांगता येत नाही. राजाही त्याचाच, पार्लमेंटही त्याचंच. मी आजोबांना विचारलं, तुम्ही 1643 मध्ये कुठे असता? ते हसले. "खरं सांगायचं तर भिंतीच्या बाहेर. आमचं घराणं गोळ्या ओतणाऱ्यांतलं असणार."

माथ्यावर वारा इतका की बोलणं उडून जातं. इथून दक्षिणेला समुद्राकडची कुरणं, उत्तरेला पूलच्या खाडीची चकाकी. जॉन राजाला ही जागा फार आवडे. त्याने इथे तटबंदी वाढवली, खजिना ठेवला, आणि मोठ्या बुरुजाच्या बाजूला स्वतःसाठी नाजूक कोरीव खिडक्यांचा महाल बांधला. आज त्या महालाची एक-दोन टोकदार कमानींची दारं उरली आहेत; कोरीव काम अजून इतकं नेटकं की शेजारच्या राकट भिंतीपुढे ते चुकून इथे आल्यासारखं वाटतं.

आणि याच माथ्यावर त्याचे कैदी होते. 1202 मध्ये फ्रान्समधल्या मिरबोच्या लढाईत जॉनने आपला पुतण्या आर्थर याला आणि त्याच्या बाजूच्या सरदारांना पकडलं. आर्थरचं काय झालं हे कधी उजेडात आलं नाही. सरदारांपैकी पंचवीस जण कॉर्फला आणले. त्यातले बावीस उपाशी मेले, असं त्या काळच्या इतिवृत्तात आहे. आर्थरची बहीण एलेनॉर, तीही इथे होती. ती नात्याने गादीची वारस, म्हणून तिला मारलं नाही आणि सोडलंही नाही. जॉन मेला, त्याचा मुलगा राजा झाला, तरी ती कैदेतच. या गडावरून त्या गडावर, 1241 मध्ये मरेपर्यंत. तिला चांगले कपडे मिळत, चांगलं अन्न मिळे, एवढ्या वर्षांत तिने काही गुन्हा केल्याचं कुणी म्हटलं नाही. महालाच्या खिडकीतून दिसणारं जेवण आणि कैद्यांची उपासमार यांतलं अंतर या माथ्यावर पन्नास पावलांचंसुद्धा नाही. मी थर्मासमधला चहा काढला आणि पुन्हा पिशवीत ठेवला. भाच्याने तो काढून प्यायला. वारा लागला की भूक लागते, त्याला इलाज नाही.

गड पडला तो मात्र भुकेने नाही. दुसरा वेढा 1645 च्या अखेरीला पडला. सर जॉन बँक्स त्याआधीच वारले होते, राजाची बाजू सगळीकडे हरत होती. गडाच्या शिबंदीतला पिटमन नावाचा अधिकारी सॉमरसेटहून कुमक आणतो म्हणून बाहेर पडला आणि फेब्रुवारी 1646 मध्ये रात्री कुमक घेऊन आलाही. ती माणसं पार्लमेंटची होती. दरवाजा आतूनच उघडला गेला, उजाडलं तेव्हा बुरुजांवर शत्रू. फितुरीशिवाय गड पडत नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. रायगडासाठी सूर्याजी पिसाळाचं नाव घेतलं जातं, त्यातलं खरंखोटं इतिहासकारांनी ठरवावं. पिटमनच्या नावाची इथे म्हण झालेली नाही. आजोबांना ते नाव माहीत होतं, पण त्यांनी ते हवामानाची बातमी सांगावी तसं सांगितलं.

मार्च 1646 मध्ये पार्लमेंटने गड पाडायचं मत दिलं. युद्ध जिंकलेलं, गड ताब्यात, लढणारं कुणी उरलेलं नाही. तरीही एवढ्या जाड भिंती पुन्हा कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून. सुरुंगवाल्यांनी हिशोबाने काम केलं. प्रत्येक बुरुजाखाली खणून लाकडाचे टेकू दिले, दारू ठासली. सगळं भुईसपाट करायची गरज नव्हती, बिनकामाचं केलं की पुरे. माझ्या डोळ्यांपुढे अलंग-मदन हे किल्ले आले. त्या कड्यांतल्या कातळपायऱ्या 1818 नंतर कंपनीच्या फौजेने सुरुंग लावून उडवल्या, तिथे आज दोर लावून चढावं लागतं. तरुणपणी त्या तुटलेल्या पायऱ्यांखाली बसून आम्ही साहेबाला शिव्या घातल्या होत्या. साहेबाने ही विद्या आधी स्वतःच्या घरी गिरवली होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक? शिव्या मागे घ्याव्यात असं काही मला वाटत नाही. पण त्या हातांना ते काम नवं नव्हतं एवढं कळलं.

गावात एक छोटी बाग आहे. तिथे विसाव्या भागाच्या मापाने कॉर्फचं गाव आणि गड, पाडण्याआधी होता तसा, उभा केला आहे. गुडघ्याएवढे बुरूज, त्यावर छप्पर, चौकटींना दारं. आणि या प्रतिकृतीच्या गावात त्या बागेच्या जागी आणखी छोटी प्रतिकृती आहे. भाचा तिथे बराच वेळ वाकून बसला. मला त्या अखंड गडात मन लागलं नाही. वर वाकडा बुरूज बघितल्यावर सरळ बुरूज बनावट वाटतो.

रात्री फॉक्स इनमध्ये जेवलो. वाटाणे, बटाटे, मटणाचा पाय; मीठ कमी, मिरपूड भरपूर. मिरपुडीवरून गल्ल्यामागच्या माणसाने इथल्या दगडफोड्यांची गोष्ट सांगितली. पर्बेकचा गर्द, घासला की चकाकणारा दगड सॅलिसबरीच्या कॅथेड्रलात गेला, वेस्टमिन्स्टर अॅबीत गेला. त्या कारागिरांची जुनी संघटना आजही दरवर्षी लेंटच्या उपासाआधीच्या मंगळवारी, ज्या दिवशी गोव्यात कार्निव्हल संपतो त्या दिवशी, कॉर्फच्या चिमुकल्या टाउन हॉलमध्ये भरते. नवशिक्याने या इनमधून बियरचा पेला हॉलपर्यंत न सांडता न्यायचा, आणि बाकीच्यांनी तो सांडेल असं सगळं करायचं. मग एक फुटबॉल लाथाडत गावातून न्यायचा आणि ओअरच्या धक्क्यापर्यंतच्या वाटेचा हक्क म्हणून एक पौंड मिरी द्यायची. "मिरी तुमच्याकडचीच," तो म्हणाला. खरंच होतं, मध्ययुगात मिरी म्हणजे मलबार. भाच्याने दगडाचं काय झालं विचारलं. खाणी अजून चालतात. गड पाडला, दगड घरात आले, पण दगड काढणारे हात इथेच आहेत आणि वर्षातून एकदा ते बियर सांडतात.

दुसऱ्या दिवशी किंग्स्टन लेसीला गेलो. गड गेल्यावर बँक्स घराण्याने तिथे नवं घर बांधलं, तट नसलेलं. पुढे त्या घरात विल्यम जॉन बँक्स झाले. त्यांनी इजिप्तमधल्या फिलेहून आणलेला स्तंभ आजही हिरवळीवर उभा आहे, त्यावरच्या नावांचा चित्रलिपी उलगडायला उपयोग झाला. 1841 मध्ये एका शिपायाबरोबर पकडले गेल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला; तेव्हा त्या गुन्ह्याला फाशी होती. उरलेलं आयुष्य व्हेनिसमध्ये राहून ते ज्या घरात पाऊल टाकता येत नव्हतं त्या घरासाठी संगमरवर आणि कोरीव दारं पाठवत राहिले. जिन्यात मेरीबाईंचा कांस्य पुतळा आहे, शिल्पकार मारोचेत्तीने केलेला, हातात किल्ली. आणि ग्रंथालयात शेकोटीवर खऱ्या किल्ल्या टांगलेल्या. हरल्यावरही शौर्याबद्दल मान म्हणून किल्ल्या त्यांच्याकडे राहू दिल्या, असं घराणं सांगतं. जड, काळ्या, मोठ्या दाराच्या. 1981 मध्ये शेवटच्या वारसाने हे घर आणि कॉर्फचा गड दोन्ही जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला देऊन टाकले.

पण मला त्या घरातलं सगळ्यात आवडलं ते पत्रांचं प्रकरण. राजेशाही परत आल्यावर मेरीबाईंचा मुलगा राल्फ याने गडावरून लुटलेलं सामान शोधायला सुरुवात केली. पडदे, गाद्या, गालिचे, लाकूड. त्याने वॉल्टर अर्ललाही लिहिलं, कारण गडाचं सामान चार्बरोच्या त्याच्या घरात लागल्याची बोलवा होती. अर्लने उत्तर धाडलं ते अगदी शेजारधर्माचं: थोडंसं लाकूड आणि दगड आला होता खरा, फार काही नाही. ज्याने या माणसाच्या आईवर तोफा डागल्या, तो आता गाड्या मोजून दाखवत होता. भाचा म्हणाला, "मावशी, हे आपल्या वाटणीच्या भांडणासारखं झालं."

परतताना मोठ्या रस्त्याला चार्बरोची विटांची भिंत लागली, संपता संपेना. अर्लच्या वंशजांनी ती एकोणिसाव्या शतकात बांधली. एका कमानीवर दगडी सांबर उभं आहे. भाचा म्हणाला, त्याचे पाय मोज. मी मोजले तर पाच. शिल्पकाराने मधला खुंट आधाराला दिला तो कुठल्याही कोनातून पायच वाटतो. मागून हॉर्न वाजला, भाच्याने गाडी पुढे काढली आणि खिडकीतून हात काढून मागच्याला सॉरी म्हणाला.